अर्थशास्त्र घ्यायचंय, पण पुढे काय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

विद्यार्थी आणि पालक सतत पाठवतात ते प्रश्न इथे एकत्र केले आहेत. शब्द शक्य तितके त्यांचेच ठेवलेत. विषयांची नावं आणि वर्षं विद्यापीठागणिक बदलतात, तेव्हा ‘पहिलं वर्ष’, ‘दुसरं वर्ष’ हे ढोबळ टप्पे समजा. घाईत असाल तर आधी ५ आणि ९ वाचा.

१. अर्थशास्त्रात शिकवतात तरी काय? पैसे कसे गुंतवायचे, हेच ना?

नाही. गुंतवणूक हा त्यातला एक कोपरा, आणि तोही बहुधा ऐच्छिक विषय म्हणून येतो. मुख्य प्रश्न वेगळा आहे. वेळ, पैसा, जमीन, माणसं सगळंच अपुरं असताना लोक, कंपन्या आणि सरकारं निवड कशी करतात, आणि त्या निवडींचे परिणाम कोणाच्या पदरात पडतात? घरभाड्यावर मर्यादा घातली तर भाडेकरूचं भलं होतं का? व्याजदर वाढवल्यावर महागाई किती उशिराने उतरते? पेटंटमुळे नवी औषधं निघतात, की आहेत तीच महागतात?

यातल्या एका बाजाराचा, एका ग्राहकाचा विचार मायक्रोत होतो, अख्ख्या देशाच्या उत्पन्नाचा, बेरोजगारीचा, महागाईचा मॅक्रोत. आणि ‘असं खरंच घडतं का’ हे आकडेवारीवर तपासायचं ते इकॉनॉमेट्रिक्समध्ये.

२. कॉमर्स, फायनान्स आणि अर्थशास्त्र यांत फरक काय? शेवटी बँकेतच जायचं ना?

एकच बातमी घ्या: मध्यवर्ती बँकेने व्याजदर पाव टक्क्याने वाढवला. कॉमर्सचा विद्यार्थी विचारेल, कंपनीच्या ताळेबंदात कर्जाचा बोजा किती वाढला. फायनान्सचा विचारेल, हातातल्या रोख्यांची किंमत किती पडली. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने विचारायचं ते असं: बँकेने तो का वाढवला, त्याने महागाई खरंच कमी होईल का, आणि दरम्यान नोकऱ्या कोणाच्या जातील.

तिन्हींतून बँकेत जाता येतं, पण वेगवेगळ्या खुर्च्यांवर. सीए व्हायचं पक्कं असेल तर अर्थशास्त्राचा वळसा घेऊ नका. शेअर बाजाराबद्दल प्रश्न १४ पाहा.

३. माझं गणित कच्चं आहे. झेपेल का?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो, म्हणून जरा सविस्तर.

आधी ‘कच्चं’ म्हणजे काय ते बघा. समीकरण सोडवता येतं, आलेख वाचता येतो, पण परीक्षेत घाईने चुका होतात, एवढंच असेल तर काळजीचं कारण नाही. आकड्यांच्या जागी अक्षरं दिसली की हातच थांबतो, असं असेल तर पदवी सुरू होण्याआधीचे महिने शाळेतलं बीजगणित पुन्हा करण्यात घालवा. त्या काळात अर्थशास्त्रावरची चार पुस्तकं वाचण्यापेक्षा त्याचा उपयोग जास्त होतो.

पहिलं वर्ष आलेख आणि साध्या समीकरणांवर निभतं. खरी कसोटी दुसऱ्या वर्षी लागते: कलन (कॅल्क्युलस), मॅट्रिक्स, संभाव्यता, ठरावीक उत्पन्नात कमाल समाधान कसं मिळवायचं याची लाग्रांजची पद्धत. त्यातलं कलन कसं वापरतात याचा एक नमुना. एका कंपनीला ‘न’ इतक्या वस्तू बनवायला एकूण खर्च येतो ५० + २न + न². याचं विकलन केलं की आणखी एक वस्तू बनवण्याचा खर्च, म्हणजे सीमांत खर्च मिळतो: २ + २न. बाजारातली किंमत २२ असेल तर किंमत आणि सीमांत खर्च १० वस्तूंवर जुळतात, आणि नफा तिथेच सर्वाधिक. ताळा करून बघा: १० वस्तूंवर नफा ५०, ९ बनवल्या तरी ४९ आणि ११ बनवल्या तरी ४९. हा परिच्छेद दोनदा वाचून समजला असेल तर पदवीपुरतं गणित तुम्हाला झेपेल. पीएचडीचं गणित वेगळं, ते प्रश्न १५ मध्ये.

एलिनॉर ऑस्ट्रॉम यांना गणिताची तयारी पुरेशी नाही म्हणून अर्थशास्त्राच्या पीएचडीला प्रवेश नाकारला गेला होता. त्यांनी राज्यशास्त्रात पीएचडी केली, आणि २००९ साली अर्थशास्त्राचं नोबेल मिळवणाऱ्या त्या पहिल्या महिला ठरल्या. ही गोष्ट धीर यावा म्हणून लोक सांगतात. पण तिची दुसरी बाजूही ऐका: तेव्हा दार बंद झालं होतं ते गणितामुळेच.

४. बीए करू की बीएससी?

अक्षरांकडे बघू नका, विषयांची यादी बघा. एका ठिकाणच्या बीएमध्ये दुसरीकडच्या बीएससीपेक्षा जास्त गणित असतं. यादीत कलन, संख्याशास्त्राचे दोन पेपर आणि इकॉनॉमेट्रिक्स असेल, किंवा ते ऐच्छिक म्हणून घेता येत असतील, तर पदवीचं नाव काहीही असो.

५. कोणते विषय कधी घ्यायचे? काही क्रम असतो का?

असतो, आणि बहुतेकांचं गणित इथेच चुकतं. विषय एकमेकांवर अवलंबून असतात, त्यामुळे नियोजन शेवटाकडून मागे करायचं.

शेवटच्या वर्षी एक प्रबंध किंवा मोठा प्रकल्प करायचा, हे आधी धरून चाला. त्यात आकडेवारी वापरायची तर इकॉनॉमेट्रिक्स त्याआधी झालेलं हवं. इकॉनॉमेट्रिक्सला संख्याशास्त्र आणि थोडं मॅट्रिक्सचं गणित लागतं. मायक्रोच्या दुसऱ्या पायरीला कलन लागतं. म्हणजे कलन आणि संख्याशास्त्र पहिल्याच वर्षी उरकायला हवं. मधल्या वर्षात मायक्रो आणि मॅक्रोची दुसरी पायरी आणि शक्यतो त्याच वर्षाअखेर इकॉनॉमेट्रिक्स. श्रम, सार्वजनिक वित्त, आंतरराष्ट्रीय व्यापार, विकास, पर्यावरण, औद्योगिक संघटन हे खास विषय नंतर घ्या. तोवर त्यातलं वाचलेलं समजायला लागलेलं असतं.

अवघड म्हणून इकॉनॉमेट्रिक्स शेवटच्या सत्राला ढकलणारे खूप. त्याचं नुकसान मार्कांत दिसत नाही. अर्ज भरायच्या वेळी दाखवायला काही नसतं, आणि प्रबंध दोन आलेख आणि भरपूर विशेषणांवर उरकावा लागतो. तो विषय ऐच्छिक असला तरी सक्तीचा समजून घ्या. एका विषयासाठी दुसरा सोडायचा झाला तर मी खास विषयांपैकी एक सोडेन, हा नाही.

ऐच्छिक विषय दर वर्षी शिकवले जातातच असं नाही. प्रवेश घेतल्या घेतल्या विभागात जाऊन विचारा: कोणता विषय कोणत्या सत्रात असतो, आणि कशाची पूर्वअट आहे?

६. इकॉनॉमेट्रिक्सचं एवढं स्तोम कशासाठी?

कारण ‘अमुक झालं आणि मग तमुक झालं’ यावरून ‘अमुकमुळे तमुक झालं’ म्हणता येत नाही, आणि धोरणाचा सगळा झगडा त्या ‘मुळे’वर चालतो.

किमान वेतन वाढवलं की मालक माणसं कमी करतात, असं साधं तर्कशास्त्र सांगतं. अमेरिकेत न्यू जर्सी राज्याने एप्रिल १९९२ मध्ये तासाचं किमान वेतन ४.२५ डॉलरवरून ५.०५ डॉलर केलं. शेजारच्या पेनसिल्व्हेनियाने केलं नाही. डेव्हिड कार्ड आणि ॲलन क्रूगर यांनी सीमेच्या दोन्ही बाजूंच्या ४१० फास्ट फूड दुकानांतल्या नोकऱ्या वाढीआधी आणि वाढीनंतर मोजल्या. नुसत्या न्यू जर्सीकडे बघितलं असतं तर त्या वर्षीच्या मंदीचा परिणाम वेतनवाढीच्या खात्यात गेला असता. शेजाऱ्याशी तुलना केल्यामुळे तो बाजूला काढता आला. नोकऱ्या घटल्याचं त्यांना आढळलं नाही. १९९४ साली हे प्रसिद्ध झालं, त्यावर खूप वाद झाले, पण तपासायची ही रीत रुजली. २०२१ च्या नोबेलमध्ये कार्ड यांच्या श्रम अर्थशास्त्रातल्या अशा कामाचा गौरव झाला. उरलेला अर्धा पुरस्कार जोशुआ अँग्रिस्ट आणि गिडो इम्बेन्स यांना कार्यकारण ओळखण्याच्या पद्धतींसाठी मिळाला. क्रूगर २०१९ मध्येच गेले होते.

नवी औषधयोजना, ॲपमधलं नवं बटण, शाळेतलं माध्यान्ह जेवण, कशाचाही परिणाम मोजायचा तर विचार हाच. नोकरीत तुमची किंमत होते ती या विचाराची.

७. कोणतं सॉफ्टवेअर शिकू? एक्सेल पुरेल का?

सुरुवातीला पुरेल, शेवटपर्यंत नाही. आर किंवा पायथन या प्रोग्रामिंग भाषांपैकी एक नीट शिका. दोन्ही फुकट आहेत. विद्यापीठात स्टाटा हे संख्याशास्त्राचं सॉफ्टवेअर शिकवत असतील तर ते घ्या, संशोधनात अजून सर्रास चालतं. कंपनीत जायचं असेल तर डेटाबेसमधून आकडे काढायचं एसक्यूएल लागतंच, आणि ते या सगळ्यांत सोपं.

एक्सेलवरच का थांबू नये याचं प्रसिद्ध उदाहरण आहे. कार्मेन राइनहार्ट आणि केनेथ रोगॉफ या नामवंत जोडीने २०१० च्या निबंधात मांडलं की सरकारी कर्ज जीडीपीच्या ९० टक्क्यांपुढे गेलेल्या देशांची सरासरी वाढ उणे ०.१ टक्का होती. काटकसरीच्या धोरणांना या आकड्याचा मोठा आधार मिळाला. मॅसॅच्युसेट्स विद्यापीठात ॲमहर्स्टला शिकणारा थॉमस हर्नडन वर्गातल्या कामासाठी तीच आकडेमोड पुन्हा करून बघत होता, ती जुळेना. लेखकांकडून मूळ फाइल मिळवली तर सरासरीच्या सूत्रातून पाच देशांच्या ओळी निसटलेल्या. काही वर्षं वगळली जाणं आणि देशांना वजन देण्याची पद्धत हे मोठे आक्षेप त्यात धरून, हर्नडन आणि त्याच्या दोन प्राध्यापकांचा आकडा आला २.२ टक्के. हे २०१३ साली बाहेर आलं. सूत्रातली चूक मूळ लेखकांनी मान्य केली, बाकीच्या आक्षेपांवर वाद राहिला.

कोड लिहिलेला असला की प्रत्येक पायरी ओळीने वाचता येते. एक्सेलच्या चौकटीत लपलेलं सूत्र कोणी उघडून बघत नाही.

८. जोडीला दुसरा कोणता विषय घ्यावा?

मला विचाराल तर संख्याशास्त्र किंवा गणित. त्यांनी सगळी दारं उघडी राहतात. संगणकशास्त्र जोडलंत तर कंपन्या खूश, पण दोन्हीकडचा अभ्यास मिळून कंबरडं मोडतं, हे धरून चाला.

कायदा आणि अर्थशास्त्र ही जोडी उगाच दुर्लक्षित आहे. स्पर्धा कायदा, करकायदा, कामगार कायदा यांत अर्थशास्त्र समजणारा वकील लागतोच. आपल्याकडे यासाठी दूर जायला नको: डॉ. आंबेडकरांनी लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समधून १९२३ साली रुपयाच्या प्रश्नावर डीएससी केली आणि ते बॅरिस्टरही होते.

राज्यशास्त्र, मानसशास्त्र, इतिहास हे आवडीने घ्या, मात्र प्रश्न ५ मधलं गणित त्यापायी सोडू नका.

९. इंटर्नशिप मिळाली नाही. अनुभव म्हणून काय दाखवू?

स्वतः केलेलं एक छोटं काम दाखवा. चार ठिकाणी महिनाभर चहा पिऊन आणलेल्या प्रमाणपत्रांपेक्षा ते जास्त बोलतं.

आकडेवारी फुकट मिळते. जागतिक बँकेचे विकास निर्देशांक, सेंट लुइसच्या फेडरल रिझर्व्ह बँकेचा फ्रेड हा संग्रह, देशोदेशींच्या उत्पन्नाची तुलना करणारं पेन वर्ल्ड टेबल, शिवाय बहुतेक देशांच्या सांख्यिकी कार्यालयांची सर्वेक्षणं. अडचण आकड्यांची नसते, प्रश्नाची असते. ‘जागतिकीकरणाचा परिणाम’ हा प्रश्न नव्हे.

असं करून बघा. जागतिक बँकेच्या संकेतस्थळावरून देशांचं दरडोई उत्पन्न आणि स्त्रियांचा कामातला सहभाग हे दोन रकाने उतरवा, एकाच वर्षाचे. आडव्या अक्षावर उत्पन्न, उभ्यावर सहभाग. ठिपके बरेच विखुरलेले असतील, पण नीट पाहिलं तर यू आकाराची चाहूल लागते: अगदी गरीब देशांत सहभाग जास्त, मधल्या उत्पन्नाच्या देशांत कमी, श्रीमंतांत पुन्हा वाढलेला. २०२३ चं नोबेल मिळालेल्या क्लॉडिया गोल्डिन यांनी अमेरिकेच्या सुमारे दोनशे वर्षांच्या इतिहासात असाच यू दाखवला आहे. आता खरा प्रश्न पडायला हवा: एका वर्षातले अनेक देश आणि अनेक वर्षांतला एक देश, या दोन यूंचा अर्थ एकच आहे का? मधल्या देशांपैकी कोणते ठिपके या यूपासून लांब पडतात, आणि का?

यावर सहा पानं लिहा. एक आलेख, एक तक्ता, आकडे कुठून घेतले आणि कोणते गाळले, आणि शेवटी या आकड्यांवरून काय सांगता येत नाही. कोडसकट कुठेतरी खुलं ठेवा. मुलाखत घेणारा शेवटचा परिच्छेदच आधी वाचतो.

१०. नोकऱ्या नेमक्या कोणत्या मिळतात? ‘अर्थतज्ज्ञ’ अशी जाहिरात तर दिसत नाही.

दिसते, पण बहुतेक वेळा पदव्युत्तर पदवी मागते. नुसत्या पदवीवर जी कामं मिळतात त्यांची नावं वेगळी असतात: विश्लेषक, संशोधन साहाय्यक, कर्ज मूल्यांकन अधिकारी, डेटा ॲनालिस्ट. जाहिरात शोधताना ‘अर्थशास्त्र’ हा शब्द टाकून थांबलात तर निम्म्या जागा नजरेआड राहतात.

बँका आणि पतमापन संस्था कर्ज बुडेल की फिटेल हे जोखायला माणसं घेतात. विमा कंपन्यांना जोखमीचं गणित करणारे हवेत, मात्र विमागणिती होण्याच्या परीक्षा स्वतंत्र असतात. सरकारात सांख्यिकी कार्यालयं, अर्थखातं, नियामक आयोग, मध्यवर्ती बँक. यांच्या भरतीच्या परीक्षा आणि वयाच्या अटी आधीच बघून ठेवा, त्या कोणासाठी थांबत नाहीत. स्वयंसेवी संस्था आणि संशोधन केंद्रांत योजनेचा परिणाम मोजायचं काम असतं. ते शिकायला उत्तम आणि दमवणारंही, कारण सर्वेक्षणासाठी प्रत्यक्ष गावोगाव जावं लागतं.

दोन क्षेत्रं विद्यार्थ्यांच्या लक्षात येत नाहीत. एक म्हणजे स्पर्धाविषयक सल्ला: दोन कंपन्या एकत्र आल्या तर बाजारात किमती वाढतील का, हे नियामकापुढे सिद्ध करणं. दुसरं तंत्रज्ञान कंपन्या. जाहिरातींचा लिलाव, टॅक्सीचे वेळेनुसार बदलणारे दर, ॲपवरचे प्रयोग हे सगळं मायक्रो आणि संख्याशास्त्र आहे. प्राध्यापक असलेले हॅल व्हेरियन पुढे बराच काळ गूगलचे मुख्य अर्थशास्त्रज्ञ होते.

पत्रकारितेतही जागा आहे, पण तिथे लिहिता यायला हवं.

११. पगार किती मिळेल?

एकच पदवी घेतलेल्या दोघांच्या पगारात प्रचंड तफावत असते, म्हणून सरासरी आकड्याचा तुम्हाला काही उपयोग नाही. सल्ला, वित्त आणि तंत्रज्ञान वरच्या टोकाला, शिक्षण आणि स्वयंसेवी क्षेत्र खालच्या, सरकार मध्ये आणि स्थिर. संस्थेने सरासरी पगार जाहीर केला असेल तर मध्यक (निम्मे पगार ज्याच्या वर आणि निम्मे खाली असतात तो आकडा) विचारा, आणि किती विद्यार्थ्यांनी माहिती दिली तेही. एवढं विचारलंत की तुम्ही संख्याशास्त्र शिकलात.

१२. मुलाखतीत काय विचारतात?

पाठ केलेल्या व्याख्या क्वचित. बहुधा एखादी साधी परिस्थिती देतात आणि तुम्ही विचार कसा करता ते बघतात. उदाहरणार्थ: दुकानदारावर कर बसवला, तर तो भरतो कोण?

‘दुकानदार’ हे उत्तर चूक, आणि ‘शेवटी ग्राहकच’ हेही अपुरं. कर कोणाच्या नावाने वसूल होतो याला महत्त्व नाही. ज्याला पळायला वाट नाही त्याच्या माथी तो बसतो. इन्सुलिनवर कर लावला तर रुग्ण खरेदी कमी करू शकत नाही, म्हणून जवळजवळ सगळा भार त्याच्यावर. एकाच ब्रँडच्या बिस्किटावर लावला तर ग्राहक शेजारचा पुडा उचलतो, आणि भार कंपनीला सोसावा लागतो. हे मागणीच्या आणि पुरवठ्याच्या लवचिकतेच्या, म्हणजे किंमत बदलली की खरेदी-विक्री किती बदलते याच्या, भाषेत सांगितलंत, आणि ‘अल्पकाळात आणि दीर्घकाळात उत्तर बदलेल’ हे आपणहून जोडलंत, तर समोरचा पुढे सरसावून बसतो.

तुमच्या प्रकल्पावरही खोदून विचारतील. प्रश्न ९ मधली सहा पानं दुसऱ्याकडून लिहून घेतली असतील तर इथे उघडं पडतं.

१३. पदव्युत्तर लगेच करू की आधी नोकरी?

काय करायचं ते ठरलं असेल तर लगेच करा. ठरलं नसेल तर आधी नोकरी. ‘काहीच सुचत नाही म्हणून एमए’ हा महागडा वेळकाढूपणा आहे. एक अपवाद: गणिताची सवय लवकर मोडते. तीनचार वर्षांनी परतायचा विचार असेल तर मधल्या काळात आकड्यांशी संबंध राहील असंच काम धरा.

१४. शेअर बाजारात उतरायचंय. ही पदवी उपयोगी पडेल का?

उद्या कोणता शेअर चढेल हे सांगायला, नाही. ते कोणालाच सातत्याने का सांगता येत नाही, हे समजायला नक्की.

१५. पीएचडी करायची आहे. आत्तापासून काय करू?

गणित वाढवा. कलन बहुचलांपर्यंत, रेषीय बीजगणित, संभाव्यता आणि जमल्यास रिअल ॲनालिसिस, म्हणजे कलनाचा सिद्धतांसकट अभ्यास. हा शेवटचा विषय अर्थशास्त्रात थेट फारसा लागत नाही, पण सिद्धता लिहिता येते का याची चाचणी म्हणून प्रवेश देणारे तो बघतात. यावर चिडण्यात अर्थ नाही.

अमेरिकी पद्धतीच्या कार्यक्रमात पहिलं वर्ष मायक्रो, मॅक्रो आणि इकॉनॉमेट्रिक्स यांच्या कडक पेपरांत जातं, मग पात्रता परीक्षा, मग संशोधन. पाच-सहा वर्षं धरा. चांगल्या ठिकाणी फी माफ होऊन विद्यावेतन मिळतं; स्वतःच्या खिशातून पीएचडी करायची वेळ येत असेल तर दहादा विचार करा. हल्ली बरेच जण आधी एक-दोन वर्षं प्राध्यापकाकडे पूर्णवेळ संशोधन साहाय्यक म्हणून काम करतात. कोड लिहायची सवय होते आणि शिफारसपत्र मिळतं.

नावाआधी डॉक्टर लागावं, एवढ्यासाठी करू नका. पाच वर्षं एकाच प्रश्नाशी झुंजायची आवड आहे का, याचा अंदाज पदवीच्या प्रबंधातून येतो.

१६. शिफारसपत्र कोणाकडून घ्यावं? विभागप्रमुखांची सही चालेल ना?

चालेल, उपयोग होणार नाही. ज्या शिक्षकांनी तुमचं काम वाचलंय, मसुद्यावर लाल खुणा केल्यात, त्यांचं पत्र घ्या, मग ते कितीही नवे असोत. आणि मागताना आपला प्रबंध, गुणपत्रक आणि अर्जाचा मसुदा सोबत द्या.

१७. मी इंजिनिअर आहे. अर्थशास्त्राकडे वळता येईल का?

येईल, आणि गणिताच्या बाबतीत तुम्ही पुढेच असाल. १९६९ साली दिलेलं अर्थशास्त्राचं पहिलं नोबेल ज्या दोघांना मिळालं त्यांतले यान टिनबर्गन मूळचे भौतिकशास्त्राचे विद्यार्थी होते.

तुमची उणीव दुसरीकडे असते. समीकरण सुटलं म्हणजे प्रश्न सुटला, असं वाटण्याची सवय. पूल नियम कळल्यावर वागणूक बदलत नाही, माणसं बदलतात. कर जाहीर झाला की दुसऱ्या दिवसापासून पळवाटा सुरू. मायक्रो आणि मॅक्रोचे दुसऱ्या पायरीचे विषय परीक्षेसकट करा, मगच पदव्युत्तरला अर्ज करा. कित्येक अभ्यासक्रमांत ती अटच असते.

१८. आकड्यांत मन रमत नाही. मला इतिहास आणि धोरण आवडतं. चूक विषय घेतला का?

कदाचित. आधी एक गोष्ट तपासा: आकडे आवडत नाहीत की पाठ्यपुस्तकातले निर्जीव आकडे? आर्थिक इतिहास हा अर्थशास्त्राचा जुना आणि मानाचा भाग आहे. १९९३ चं नोबेल रॉबर्ट फोगेल आणि डग्लस नॉर्थ या दोन आर्थिक इतिहासकारांनाच मिळालं. पण तिथेही जुन्या वह्या, करनोंदी, जहाजांच्या याद्या मोजाव्या लागतात. ते मोजणंही कंटाळवाणं वाटत असेल तर सार्वजनिक धोरण, राज्यशास्त्र किंवा इतिहास मुख्य ठेवून अर्थशास्त्र जोडविषय करा.

१९. एआय आल्यावर ही कामं उरतील का?

कोडच्या ओळी लिहिणं आणि अहवालाचा पहिला मसुदा करणं यांचा वेळ वाचतोय, त्यामुळे नुसत्या त्याच कौशल्यावर मिळणाऱ्या सुरुवातीच्या जागांवर ताण येणार, हे दिसतंच आहे. आकडेवारी कशी गोळा झाली, तुलना कोणाशी करायची, उत्तर मूर्खपणाचं आहे हे ओळखायचं कसं, हा भाग माणसाकडे राहतो. हर्नडनची गोष्ट आठवा, प्रश्न ७: उत्तर आधीच छापून आलेलं होतं, आणि ते तपासायचं कोणाला सुचलं, यावर सगळं अवलंबून होतं.

२०. मधल्या वर्षी मायक्रोत नापास झालो. सोडून देऊ का?

एका पेपरावरून नाही. नापास कशामुळे झालात ते उत्तरपत्रिका मागून बघा. अडचण कलनाची असेल तर एक सत्र फक्त गणिताला द्या आणि पेपर पुन्हा बसा; नंतर वर चढलेले मार्क अर्ज वाचणाऱ्याला दिसतात. मात्र दोन सत्रं ओळीने अभ्यास करूनही एकही विषय वर्गाबाहेर वाचावासा वाटला नसेल, तर विषय बदलणं हा पराभव नाही. ‘दोन वर्षं घातलीच आहेत, आता तिसरंही’ हा तर्क चुकीचा का, ते पहिल्याच वर्षी बुडीत खर्चाच्या, म्हणजे परत न येणाऱ्या खर्चाच्या, धड्यात शिकवतात.

२१. पदवी झाली, पण आमच्याकडे इकॉनॉमेट्रिक्स हा पेपरच नव्हता. आता?

हा प्रश्न प्रश्न ५ वाचून चिडलेल्यांकडून येतो, आणि त्यांचं चिडणं रास्त आहे. अभ्यासक्रम तुमच्या हातात नव्हता.

आधी संख्याशास्त्र पक्कं करा: संभाव्यता वितरण, गृहीतक चाचणी, विश्वासमर्यादा. मग रिग्रेशन, म्हणजे एका गोष्टीचा दुसरीशी संबंध आकड्यांत मोजायची पद्धत. विद्यापीठांचे खुले ऑनलाइन अभ्यासक्रम आहेत, पण व्हिडिओ बघून झालं असं समजू नका. प्रत्येक धड्यातलं उदाहरण स्वतःच्या संगणकावर चालवून उत्तर जुळतंय का बघा. त्यानंतर आकडेवारी खुली ठेवलेला एखादा प्रसिद्ध निबंध घ्या आणि त्यातला एक तक्ता हुबेहूब पुन्हा काढा. नोकरी सांभाळून याला सहा-आठ महिने लागतात. काही ठिकाणी पदव्युत्तरच्या आधी वर्षभराचा पूर्वतयारी अभ्यासक्रमही असतो. परवडत असेल तर तो जास्त शिस्तीचा.

अर्जात ‘इकॉनॉमेट्रिक्सचं ज्ञान’ असं मोघम लिहू नका. कोणता अभ्यासक्रम केला, कोणत्या निबंधातला कोणता तक्ता पुन्हा काढला, कुठे जुळला नाही, आणि फाइल कुठे बघता येईल, एवढं दोन ओळींत लिहा.